घरचं प्रमाण वजन

ता. १२ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल हाती आलं. ढब्बूच्या ऑपरेशनची तारीख वीस ठरली हे वाचलं आणि कॅन्टीनच्या कोठीत बटाट्याच्या पोत्यावर पाच मिनिटं नुसती बसून राहिले. जठराचा बराचसा भाग काढून टाकायचा आणि उरलेल्याची केळ्याएवढी पिशवी ठेवायची, असं डॉक्टरांनी चित्र काढून सांगितल्याचं तू लिहिलं आहेस. माणसांच्या पोटावर मी तीस वर्षं पोट भरलं, पण पोट कापून लहान करतात हे नव्यानंच कळलं. तरी करायलाच हवं. एकशे शेहेचाळीस किलो वजन, झोपेत श्वास अडकतो, दोन जिने चढला की ओठ निळे पडतात. आपले बाबा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले आणि ढब्बूला डिसेंबरात अठ्ठेचाळीस पुरी होतील. बाकीचं मला समजत नाही, एवढं समजतं.

मी येऊ शकत नाही याची लाज वाटते. कारखान्याची दोनशे चाळीस माणसं तीन पाळ्यांत जेवतात, आणि मी गेले तर त्यांच्या ताटात काय पडेल हे सांगवत नाही. दोन दिवसांचा प्रवास जायला, दोन यायला. फोनचा तर उपयोगच नाही. भट्टीजवळच्या पंख्यानं माझे कान इतके बाद केलेत की मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरते. तेव्हा पत्रच बरं. निदान लिहिलेलं परत वाचता येतं.

एक गोष्ट मात्र थोरलेपणाच्या अधिकारानं सांगते. आपल्या घरात एकाचं पथ्य ते सगळ्या घराचं पथ्य. बाबांचं मीठ बंद झालं तेव्हा आईनं मिठाची बरणीच घराबाहेर काढली. माणूस पथ्यानं खचत नाही, दुसऱ्याच्या ताटाकडे बघून खचतो, असं ती म्हणायची. तू आलीस तेव्हा आई नव्हती, म्हणून ही रीत तुला कुणी सांगितली नसेल. ढब्बूसमोर बसून काही चापू नकोस म्हणजे झालं. तो जन्माचा हावरट आहे, हे तुला मी सांगायला नको.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढता असू दे.

तुझी,
ताई


ता. ११ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट पार पडलं हे तारेसारख्या दोन ओळींत कळवलं होतं. सविस्तर लिहायला आज सवड झाली, कारण हे प्रथमच सलग दोन तास झोपलेत.

पहिला आठवडा नुसतं गाळलेलं सूप आणि पाणी, तेही औषधाच्या इवल्या कपातून, दर पंधरा मिनिटांनी एक घोट. मग दोन आठवडे दाट पातळ म्हणजे दूध, पातळ दही, गाळलेली भाजी. आता कुस्करलेलं सुरू झालं. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता मी कपाटाच्या दारावर चिकटवलाय. दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी साठ ग्रॅम. आधी अंडं, मासा किंवा पनीर, मग जागा उरली तर भाजी, आणि ती उरत नाही. जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. ह्यांनी दुकानातला छोटा काटा आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलाय. काटेदुरुस्तीवाल्याच्या घरात मापाची काय ददात.

काल पहिलं उकडलेलं अंडं दिलं. अर्ध्यालाच पोट भरलं. उरलेल्या अर्ध्याकडे ते पंचवीस मिनिटं बघत बसले आणि मग मुलासारखे रडले. पोट नको म्हणतं आणि जीभ ऐकत नाही, असं म्हणाले. मी काय करणार. अंडं उचलून आत नेलं, एवढंच केलं.

तुम्ही सांगितलेली रीत मी पाळते आहे. त्यांच्या वाटीत जे, तेच माझ्या वाटीत, तेवढंच आणि त्याच वेळी. ह्यांनी आधी नको म्हटलं, पण वन्संचं सांगणं आहे म्हटल्यावर मानलं. खरं सांगायचं तर त्यांना सोबत वाटली. अठरा वर्षांत या घरची एखादी रीत मला पहिल्यांदाच कुणी सोपवली, म्हणून मलाही बरं वाटलं.

ह्यांची अंगठी ऑपरेशनआधी सोनाराकडून कापून काढावी लागली होती, ती जोडून आणली तर आता फिरते. माझीही भांडी घासताना निसटते, म्हणून दोरा गुंडाळलाय. आमचं काही काळजीचं नाही. तुम्ही कान जपा.

आहे तो लोभ असाच राहू द्यावा.

आपली,
वहिनी


ता. २२ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी भाजी चिरणाऱ्या बायकांना वाचून दाखवलं. अर्ध्या अंड्याची हकिगत ऐकून सगळ्यांचे हात थांबले. मग एकीनं विचारलं की साठ ग्रॅम म्हणजे किती, आणि मी माझ्या डावात मोजून दाखवलं तर डावाचा तळही झाकेना. मला दोन माणसांचा स्वयंपाक कधी आलाच नाही, मीठ मुठीनं टाकायची सवय. तरी एक युक्ती सांगते. भोपळा, पालक, कोंबडी, मासा, जे शिजवशील ते वेगवेगळं वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठव. एक खडा साधारण दोन चमचे होतो. दर वेळी दोन खडे गरम केले की काम झालं. दिवसातून सहा वेळा चूल पेटवून तू मरशील.

अंगठीचं वाचून हसले. नवऱ्याबरोबर तूही बारीक हो, लग्नातली दिसशील. ढब्बूला म्हणावं, बायको पळवून नेईल कुणीतरी.

तू करते आहेस ते आईनंच केलं असतं. याहून मोठं मला काही म्हणता येत नाही. माया आहे, ती धरून ठेव.

तुझी,
ताई


ता. २५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या ढब्बूचं हे स्वहस्ताक्षरातलं पत्र. बावीस मार्चला क्लिनिकमध्ये एकशे एकतीस भरलो. पंधरा किलो गेले. एवढं कुठं गेलं हे मला कळत नाही, माणूस काही ठेवून आला असता तर सापडलं तरी असतं. तुझ्या बर्फाच्या ट्रेनं आमचं घर चालतं. फ्रीज उघडला की रंगपेटी उघडल्यासारखं वाटतं, आणि खायला लागलो की सगळे रंग सारखेच लागतात.

दुकान परत सुरू केलं. अडचण एकच. काटा तपासायला शिक्का मारलेली प्रमाण वजनं लागतात, वीस-वीस किलोची, आणि मला तीन महिने पाच किलोच्या वर उचलायला बंदी. मग डोकं चालवलं. तुझी वहिनी लग्न झाल्यापासून चोपन्न किलो आहे, तोळा इकडे नाही की तिकडे नाही. दुकानाच्या भिंतीवर प्रमाण वजनांची यादी आहे, तिच्या तळाशी मी पूर्वी गमतीनं खडूनं लिहून ठेवलेलं, बायको ५४. ती गंमत आता कामाला आली. आपल्या पायांनी चालत येणारं वजन आणखी कुणाकडे असेल सांग.

परवा क्लिनिकचाच काटा दुरुस्तीला आला. हलवाहलवीत आपटला होता. तिला उभं केलं तर एकोणपन्नास दाखवला. पाच किलोंची चूक. यावर लोकांच्या औषधांची मापं ठरतात, आणि हे असं. ती वर उभी राहून काहीतरी सांगणार होती, पण मी हातानं थांबवलं, कारण बोललं की काटा थरथरतो. स्क्रू फिरवून बरोबर चोपन्नावर आणला. जाता जाता आपल्या दुकानातला काटाही तपासला, तर तोही एकोणपन्नास. दमट हवेनं झालं असेल. तोही जुळवला.

क्लिनिकच्या बाई काटा नेताना म्हणाल्या की आता तुमचं पुढचं वजन तुमच्याच काट्यावर. मी म्हटलं, म्हणजे खात्रीचं. जूनपर्यंत एकशे पंधराला आणतो की नाही बघ.

लोभ आहे, तो आता माझ्या वजनासारखा घटू देऊ नकोस.

तुझा,
ढब्बू


ता. १२ मे

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. परवा क्लिनिकमध्ये ह्यांचं वजन एकशे तीस भरलं. सात आठवड्यांत एक किलो. आहारतज्ज्ञ बाई आधी वहीत बघत राहिल्या, मग अगदी थंड आवाजात म्हणाल्या की असं होतच नाही, तुम्ही चोरून खाताय आणि स्वतःलाच फसवताय.  हे घरी येऊन टेबलावरचा छोटा काटा पुसत बसले.

ते चोरून खात नाहीत हो. मी दिवसभर बघते. मग चूक माझ्या हातूनच होत असणार. कुठेतरी चमचा जास्त पडत असेल, दह्याला साय राहत असेल. आता साठ ग्रॅमचे पन्नास केलेत. बाईंना विचारलं नाही, त्या पुन्हा काही बोलतील या भीतीनं. संध्याकाळची पाचवी वेळ मी आधी माझी बंद केली, आणि मग ह्यांनीही आपण होऊन सोडली. घरात आता पावाचा तुकडासुद्धा ठेवत नाही. उद्या कुणी म्हणायला नको की घरचं पथ्य ढिलं होतं.

मला हल्ली जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. ह्यांना वाटतं मी त्यांच्यासाठी थांबते. ऊन फार आहे या दिवसांत.

तुम्ही त्यांना काही लिहा. तुमचं ते ऐकतात. आपला लोभ आहे त्याच्याच आधारावर आहोत.

आपली,
वहिनी


ता. २० मे

चि. ढब्बूस,
आशीर्वाद आहेत, पण आज राग जास्त आहे.

वहिनीचं पत्र आलं. सात आठवड्यांत एक किलो. ती बिचारी स्वतःला दोष देते, म्हणून मला लिहावं लागतंय. तुला मी पाळण्यापासून ओळखते. साखरेचा डबा फडताळावर ठेवला तर तू स्टूल आणायचास, स्टूल लपवलं तर पोती रचायचास, आणि तोंडाभोवती साखर घेऊन शपथ घ्यायचास. तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

दुकानात तू एकटा असतोस. समोर चहावाला आहे, शेजारी बेकरी आहे. तिथे काय चालतं ते तिला दिसत नाही. त्या पोरीनं तुझ्यासाठी तोंड बांधून घेतलंय आणि तू तिच्या पाठीमागे चरतोस. बाबांनाही असंच वाटायचं की एकदा खाल्लं तर काय होतं. मी बाबांना खांदा देणाऱ्यांच्या मागे चालले आहे. तुझ्या मागे चालणार नाही, सांगून ठेवते.

रजेचा अर्ज टाकला होता. कॅन्टीनची तपासणी आहे म्हणून परत आला. नाहीतर मीच दुकानात येऊन बसले असते.

लोभ आहे म्हणून लिहिलं. नसता तर इतकी शाई खर्चली नसती.

ताई


ता. १ जून

ती. ताईस,
सा. न.

मी काही खाल्लेलं नाही. तू शपथेवर विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून शपथ घेत नाही.

मला एक समजत नाही. पँट खाली येते आणि काटा खाली येत नाही. पट्ट्याला खिळ्यानं तीन नवी भोकं पाडली. पण पट्टा काय, ताणला की लांबतो, कातडं आहे ते. काटा खोटं बोलत नाही, हे मी गिऱ्हाइकांना पंचवीस वर्षं सांगत आलो. मग खोटा कोण, तर मीच असणार. दुकान बंद करताना हल्ली खिसे चाचपून बघतो, की माझ्या नकळत मी काही खाल्लं असेल तर कागद तरी सापडेल.

पाच तारखेला परत वजन आहे. भीती वाटते, ताई. पूर्वी ऑपरेशनची वाटली नाही एवढी.

तुझा,
ढब्बू


ता. १४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे, की वहिनी शुद्धीवर आहे, बोलते, आणि धोका टळला असं इथले डॉक्टर म्हणतात. आता बसून वाच.

पाच तारखेला मी एकशे पंचवीस भरलो. ठरलं होतं एकशे पंधरा. बाईंनी नुसती वही मिटली. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता वहिनी फ्रीजसमोर पडली. हातात ट्रे होता. गोठलेले खडे सगळ्या फरशीवर पसरले होते आणि ती त्यांच्यात पडली होती. मी तिला उचललं. ताई, ती उचलली गेली. मला, तीन महिन्यांत पाच किलो न उचललेल्या माणसाला, ती सहज उचलली गेली, आणि तेव्हाही मला वाटलं की माझ्यात ताकद आली.

रुग्णालयात सिस्टरनी तिला काट्यावर धरून उभं केलं. त्रेचाळीस. मी म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. त्या म्हणाल्या की गेल्याच आठवड्यात तपासलाय. मी म्हटलं, मी या धंद्यातला आहे, ही बाई चोपन्न आहे, मला विचारा. त्या ऐकेनात म्हणून मी स्वतः वर चढलो. एकशे चौदा. पाच तारखेला एकशे पंचवीस होतो. तिच्यात अकराचा फरक, माझ्यात अकराचा फरक. मी त्यांना जवळजवळ हसून म्हटलं की बघा, तुमचा काटा सरळ अकरा किलो कमी दाखवतो. तिला सलाईन लावत होते आणि मी हे बोलत होतो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण मला सिद्ध करायचं होतं. दुकान गल्लीपलीकडेच. जाऊन शिक्क्याचं वीस किलोचं वजन दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि त्यांच्या काट्यावर ठेवलं. वीस. काढून परत ठेवलं. वीस. तिसऱ्यांदा ठेवल्यावर सिस्टरनी माझ्या खांद्याला हात लावला.

म्हणजे एप्रिलमध्ये दोन काटे वेगवेगळ्या जागी उभे राहून एकच सांगत होते की ही एकोणपन्नास झाली आहे, आणि मी दोघांनाही खोटं ठरवून तिच्या जुन्या वजनावर बसवलं. पुढे त्याच काट्यानं माझं वजन वाढवून दाखवलं, तिच्या वजनाला पाच तर माझ्या दुपटीहून जास्त वजनाला अकरा, त्यावर मला बोलणी बसली, त्यावर तिनं स्वतःच्या वाटीतलं आणखी काढलं. माझ्यासमोर ती माझ्याएवढं खायची. मागे स्वयंपाकघरात आणखी काही खात असेल असं मी धरून चाललो. विचारलं नाही. माझ्या सोबतीला कुणीतरी उपाशी आहे हे मला आवडत होतं, म्हणून विचारलं नाही.

दहा तारखेला क्लिनिकमध्ये जाऊन कबूल केलं. बाईंनी वही उघडली. त्या काट्यावर दीड महिन्यात एकोणीस जणांची वजनं झाली होती. एकोणीस जणांना त्यांनी माझ्यासारखंच सुनावलं होतं. सगळ्यांना फोन केले, मी शेजारी बसून होतो. एक शिक्षिका तेव्हापासून यायच्याच बंद झाल्यात, त्यांचा फोन लागत नाही. पत्त्यावर गेलो, तर दाराला कुलूप. रोज जाऊन येतो.

तुझ्या रागाच्या पत्राबद्दल मनात काही नाही. तू निदान माझ्याकडे बघत तरी होतीस.

तुझा,
ढब्बू


ता. २१ जून

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद, आणि पाया पडायची रीत उलटी असती तर तेही.

ढब्बूचं पत्र मी तीनदा वाचलं. तो सगळा दोष काट्यावर आणि स्वतःवर घेतो. पण काट्याच्या आधी माझं पत्र आहे. घरची रीत म्हणून मी जे तुला मोठ्या ऐटीत लिहिलं, ते अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं अर्धं मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

बाबांचं मीठ बंद झालं तेव्हा आईनं बरणी घराबाहेर काढली, हे खरं. पण ती शेजारच्या काकूंच्या घरी ठेवली होती. मी आणि ढब्बू रोज दुपारी तिकडे जेवायचो. आई आम्हांला मागच्या दारानं पाठवायची आणि तोंड धुऊन परत या म्हणायची. म्हणजे रीत आम्ही कुणीच पाळली नाही. पाळली ती एकट्या आईनं. शेवटचे आठ महिने बाबांना नुसतं पातळ चालायचं, तर तीही तेच प्यायची. बाबा गेले आणि दीड वर्षात ती गेली. काळजीनं वाळली, असं सगळे म्हणाले, आणि मीही तीस वर्षं तेच म्हणत आले. मला आजवर एकदाही वाटलं नाही की ती भुकेनं वाळली असेल.

आणि मी जन्मभर काय केलं, तर दोनशे चाळीस माणसांना वाढलं. कुणी भाजी टाकली तर दुरून ओळखते. तू अंगठीला दोरा गुंडाळलास म्हणून लिहिलंस, आणि मी थट्टा केली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दहा ऑगस्टपासून आठ दिवसांची रजा मिळाली. त्याआधी देत नाहीत, मी भांडले, रडलेसुद्धा. तोवर इथे बसून काय करू. रजेचं कळलं त्या रात्री पार्सलसाठी खोका घेतला आणि तुझ्यासाठी काय करून पाठवावं याचा विचार करायला लागले, तर हात तिथेच थांबला. आईला काय आवडायचं ते मला माहीत नाही. कधी विचारलं नव्हतं. तुला काय आवडतं तेही माहीत नाही. अठरा वर्षं झाली. ढब्बूला काय आवडतं त्याची यादी मी झोपेत म्हणीन.

तेव्हा एवढंच कळव. तुला काय खायला आवडतं. मी तेच करीन, हवं तर दोनशे चाळीस माणसांच्या मापानं करीन.

माझ्यावर लोभ ठेवावास असं म्हणायचं तोंड नाही. ठेवलास तर ठेव.

तुझी,
ताई


ता. १२ जुलै

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उशाशी ठेवलंय. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. तुम्ही एवढंच लिहिलं होतं की ह्यांच्यासमोर चापू नकोस. त्याचं मी काय केलं ते माझं.

काट्यावर उभी असताना मी खरंच सांगणार होते. एकोणपन्नास मला दिसलं होतं. ह्यांनी हात केला की हलू नकोस, आणि मग स्क्रू फिरवून इतक्या खात्रीनं चोपन्न म्हणाले की मलाच वाटलं आपण चोपन्न असू. नंतर सांगितलं असतं तर त्यांनी मला वेगळं ताट वाढायला लावलं असतं, आणि ते पुन्हा एकटे पडले असते. शिवाय, हे तुम्हांलाच लिहिते, कुणाच्या तरी घरात मी प्रमाण आहे हे मला फार आवडत होतं.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. आता स्वयंपाक हे करतात. माझं वेगळं ताट असतं, भात, मासा, भाजी, पाव, एक केळं. ते समोर आपली साठ ग्रॅमची वाटी घेऊन बसतात. मला चार घासांच्या पुढे जात नाही. माझं पोट कुणी कापलेलं नाही, हे मला माहीत आहे, पण पोटाला पटत नाही. मग ते ताट तसंच राहतं आणि दोघंही त्याच्याकडे बघत बसतो. त्यांना ते खाता येत नाही आणि मलाही. कधी त्यांचे डोळे भरतात. ते भुकेनं की माझ्यामुळे, हे मी ओळखू शकत नाही, आणि विचारतही नाही.

त्यांचं एकशे अकरावर आलं, खऱ्या काट्यावर. झोपेत श्वास अडकत नाही. तुम्हांला ज्याची भीती होती ते आता होणार नाही असं डॉक्टर म्हणतात. एवढं चांगलं झालं, ते वाचून तरी जेवा. त्या शिक्षिका अजून सापडल्या नाहीत. हे रोज जाऊन येतात.

दुकानाच्या भिंतीवरचं बायको ५४ ह्यांनी पुसलं. आता रोज सकाळी आधी शिक्क्याचं वजन ठेवून काटा तपासतात, मग मला उभं करतात आणि बोल म्हणतात. काटा थरथरला तर थरथरू दे म्हणतात. मला काही सुचत नाही. मी आकडा वाचून दाखवते. आज चव्वेचाळीस होतं.

तुम्ही विचारलंत मला काय आवडतं. पत्र आल्यापासून तोच विचार करते आहे. लग्नाआधीचं आठवून बघितलं. शाळेचा डबा आठवला, त्याचं झाकण आठवलं, आत काय असायचं ते आठवत नाही. शेवटी ह्यांना विचारलं की तुम्हांला माहीत असेल. ते हातातली वाटी खाली ठेवून म्हणाले की त्यांना माझं फक्त वजन माहीत होतं.

आठवलं की कळवीन. तोवर खोका रिकामाच असू द्या, आणि लोभ आहे तेवढा असू द्या.

आपली,
वहिनी